सावली धरून फिर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी परभणीची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या अकाउंटिंगच्या कोर्ससाठी मुंबईला आले. राहते डोंबिवलीला, मामांकडे. क्लास फोर्टात, फाउंटनजवळ आहे. सकाळी ८ ते १०.३० लेक्चर, मग एकदम दुपारी ३ ते ५ प्रॅक्टिकल. मधल्या वेळात डोंबिवलीला जाऊन येणं होत नाही. बाकीची मुलं जिन्यात मोबाइल घेऊन बसतात. मला मुंबई बघायची आहे. पण घामाने जीव जातो, पैसे बेताचे, आणि मी एकटी. मामी म्हणते, उगाच भटकू नकोस. गेटवे, मरीन ड्राइव्ह, म्युझियम, घारापुरी अशी यादी केली आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : परभणीची पोर उकाड्याची तक्रार करते म्हणजे मुंबईने इंगा दाखवलेला दिसतो! तुझ्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, इथे तेहतीस-चौतिसावर अडतो. पण तिकडे सावलीत गेलं की हुश्श होतं, इथे सावलीतही पाठ चिंब. तरी सावली ती सावलीच, आणि फोर्टात ती बांधून ठेवलेली आहे. ती कुठे कुठे आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

गेटवे आणि मरीन ड्राइव्ह यादीत राहू देत, पण पाचनंतरच्या खात्यात. दोन्हीकडे भर दुपारी डोकं लपवायला जागा नाही. त्यातून १६ मेच्या आसपास मुंबईत सूर्य बरोबर माथ्यावर येतो. १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमाराला उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायाशीच विरते. शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. त्या वेळी राजाबाई टॉवरसारखा ८५ मीटर उंच मनोराही तुला आसरा द्यायचा नाही.

तेव्हा सुरुवात कर दादाभाई नौरोजी रस्त्यापासून. सीएसएमटीला उतरून तू रोज त्याच रस्त्याने क्लासला जात असणार, आणि उशीर झालेला असल्यामुळे मान खाली घालून. साडेदहाला सुटलीस की उलट्या दिशेने, सावकाश चाल. इमारतींच्या तळमजल्याला ओळीने कमानी आहेत आणि फुटपाथ त्या कमानींच्या पोटातून जातो. १८६०च्या दशकात इथल्या किल्ल्याचा तट पाडला, पुढे हा रस्ता रुंद केला (तेव्हाचा हॉर्नबी रोड), आणि नव्याने बांधणाऱ्यांना अट घातली की खाली पादचाऱ्यांसाठी अशी पडवी सोडायचीच. वर ज्याला जशी हवी तशी इमारत. खाली सावली सगळ्यांची. इतका शहाणा नियम नंतरच्या मुंबईला का सुचला नाही, हा माझा जुना राग आहे. माझी सगळी नोकरी फोर्टात झाली, एका विमा कचेरीत, आणि उन्हाळा-पावसाळा मी याच कमानींखालून काढला. खांबाखांबाला टेकून फेरीवाले बसतात: चार्जर, मोजे, घड्याळाचे पट्टे, चष्म्याच्या दांड्या. भाव करायचा नसेल तर हात लावू नकोस. वर मात्र बघत राहा. वाटेत जे. एन. पेटिट लायब्ररीची १८९८ची गॉथिक इमारत लागते, तिच्या खिडक्यांसाठी एकदा समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहा.

रस्ता संपतो तिथे तुझं स्टेशन. १८७८ साली काम सुरू झालं, पुरं व्हायला दहाएक वर्षं लागली, वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. २००४ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. हे तुला फलकावरही वाचायला मिळेल. फलक सांगणार नाही ते असं, की लोकलच्या तिकिटांचा जो जुना हॉल आहे, त्याच्या छतावर चांदण्या काढलेल्या आहेत. पास काढायला रांगेत उभी राहशील तेव्हा मोबाइल पर्समध्ये टाक आणि वर बघ. बाहेरच्या भिंतींवर दगडात माकडं, मोर आणि बाकी चिकार जनावरं आहेत. ती जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची, म्हणजे तुझ्याच वयाच्या पोरांनी कोरलेली. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह विलायतेचा, वाघ आपला.

आता माझं खरं म्हणणं ऐक. बघायच्या जागांआधी बसायची जागा ठरव. ज्या पाहुण्याला बसायची जागा माहीत नसते तो दमतो, चिडतो आणि शेवटी मॉलमध्ये जाऊन बसतो. फोर्टात टाउन हॉल आहे, १८३३ साली बांधून झालेला, एशियाटिक सोसायटीचा म्हणून ओळखतात तो. त्याच्या ३० पायऱ्या पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी त्या इमारतीच्याच सावलीत असतात. दुपार कलली की तापतात, मग नको. अकराच्या सुमाराला मधल्या एखाद्या पायरीवर बस, डबा खा. रखवालदाराने उठ म्हटलं तर हुज्जत न घालता उठ. याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. क्लासचं ओळखपत्र आणि आधार बरोबर असू दे, आणि वाचनकक्षाची वेळ खिडकीवर विचारून घे. पंख्याखाली वर्तमानपत्रं चाळायला मिळणं ही मे महिन्यातली श्रीमंती आहे. दरबार हॉलकडे जायला मिळालं तर जगन्नाथ शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा बघून ये.

पायऱ्यांसमोरच हॉर्निमन सर्कलची बाग. झाडं मोठी आहेत, बाकं आहेत, दुपारी कचेऱ्यांतले लोक डुलक्या काढतात. तिथून चार पावलांवर सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८चं. आत गार, शांत. भिंतींवर इथे येऊन विशी-तिशीत मेलेल्या इंग्रजांच्या संगमरवरी पाट्या आहेत. आपण ज्यांना साहेब म्हणून ओळखतो त्यांतले कितीतरी तुझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे होते, हे तिथे कळतं. किल्ल्याच्या तटाचा जो दरवाजा या चर्चकडे यायला होता तो चर्चगेट. दरवाजा गेला, तट गेला, नाव मात्र तिकडे लांब स्टेशनला जाऊन चिकटलं.

चर्चगेटचं नाव निघालंच आहे तर एक दिवस साडेअकरा ते साडेबारा तिथे घालव. तिकीट नको, काही नको. स्टेशनबाहेर डबेवाले डबे उतरवतात. लांब लाकडी पाट्या डोक्यावर, पाटीत डब्यांची दाटी, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. पाटी खाली ठेवली की कोणी कोणाशी फार बोलत नाही. हात फक्त झाकणं वाचतात. झाकणावर रंगाने अक्षरं आणि आकडे रंगवलेले असतात. डबा कुठल्या स्टेशनवरून निघाला, कुठल्या भागात उतरायचा, तिथली कुठली इमारत, कितवा मजला, सगळं त्या चार खुणांत. पत्ता नाही, नाव नाही. बघता बघता ढिगाचे दहा वेगळे ढीग होतात आणि जो तो आपला ढीग उचलून सायकलला किंवा हातगाडीला लावतो. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे सुरू केलं. आजही बहुतेक माणसं मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडची. लांब उभी राहून बघ. त्यांच्या वाटेत उभं राहून फोटो काढणाऱ्यांना जो धक्का बसतो तो मी पाहिलेला आहे, आणि तो योग्यच असतो. रविवारी जाऊ नकोस, कचेऱ्या बंद म्हणजे डबेही नाहीत.

म्युझियम एका दिवसात उरकू नकोस. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांना खुलं आहे, विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत असते. एका खेपेला एकच दालन, एवढं पथ्य पाळ. पहिल्या दिवशी फक्त मधल्या घुमटाखाली थांब. तिथे लाकडी खांब-कमानी दिसतील, त्या नाशिकच्या एका वाड्यातून आणून बसवल्या आहेत. जॉर्ज विटेट नावाच्या स्कॉटिश वास्तुविशारदाने विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीचा घुमट उभारला आणि त्याच्या पोटात नाशिकचा वाडा ठेवला, गेटवेही त्याचाच. दुसऱ्या दिवशी सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तुपातली भाजक्या मातीची बुद्धमूर्ती. तिसऱ्या दिवशी लघुचित्रं. तिकिटाचे पैसे जड वाटतील त्या दिवशी शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जा, १९५२ पासून आहे, आत जायला एक पैसा लागत नाही. चित्रं कळत नाहीत म्हणून बुजू नकोस. चित्रकार बहुधा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो आणि कोणीतरी काहीतरी विचारेल म्हणून वाट बघत असतो.

इथल्या चौकाला काळा घोडा म्हणतात, तेव्हा तो घोडा कुठे असं विचारशीलच. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ साली भायखळ्याला राणीच्या बागेत हलवला. चौकात आता दिसतो तो घोडा २०१७चा, वर स्वार नाही.

पाय दुखत असतील त्या दिवशी बस. सीएसएमटीवरून नरिमन पॉइंटला एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी ११५ नंबरची वातानुकूलित डबलडेकर पकड. बेस्टच्या एसी बसचं किमान तिकीट २०२५ पासून १२ रुपये आहे. वरच्या मजल्यावर पुढची काचेजवळची सीट रिकामी नसेल तर बस सोड, पुढची घे. मरीन ड्राइव्ह दुपारी बघायचाच असेल तर हा एक मार्ग, गार हवेत बसून. पाय न दुखवता फिरायचा दुसरा मार्ग जमिनीखालचा, पण तो गिरगावाकडे नेतो. हुतात्मा चौकातून मेट्रो ३ ने गिरगाव तिसरं स्टेशन. वर आलीस की एकदम मराठी मुंबई. खोताची वाडी, तिच्यातली लाकडी जिन्यांची घरं (लोक राहतात तिथे, खिडकीत डोकावू नकोस), केशवजी नाईकांची चाळ, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. भूक लागली तर पणशीकरांकडे पीयूष घे. फोर्टातच असशील तर सीएसएमटीसमोर ‘आराम’चा वडापाव, आणि महिन्यातून एकदा चैन म्हणून धोबीतलावाला कयानीत बनमस्का-चहा. हे इराणी दुकान १९०४चं आहे. टेबलावर वही उघडून अभ्यास मांडू नकोस, गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं.

क्रॉफर्ड मार्केटला मेमध्येच जा, आंब्याच्या पेट्या उघडतात तेव्हा. घ्यायचा नसला तरी वास फुकट आहे. इमारत १८६९ची, आणि आताचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई.

आता जे कोणी लिहीत नाही ते लिहिते. बाथरूम. बायका मुंबईत पाणी कमी पितात ते याचमुळे, आणि मग चक्कर येऊन पडतात. म्युझियम आणि जहांगीर इथली व्यवस्था बरी आहे, दोन्ही मोठ्या स्टेशनांवर पैसे देऊन वापरायची आहेत, आणि क्लासमधली तर हक्काची. निघताना क्लासमध्ये जाऊनच निघ, बाटली भरून घे, कनवटीला सुटे पैसे ठेव. लाजायचं कारण नाही.

मामींचं म्हणणं पूर्ण सोडून देऊ नकोस. कामाच्या दिवशी फोर्टात एकटी मुलगी म्हणजे काही विशेष नाही, हजारो बायका तिथे नोकरीला येतात आणि तूही त्यांतलीच एक दिसतेस. पण रविवारी तेच फोर्ट ओस पडतं. बॅलार्ड इस्टेटच्या गल्ल्यांत तर दुपारी कुत्री तेवढी असतात. तेव्हा रविवारी आतल्या भागात नको. त्या दिवशी मामींनाच घेऊन घारापुरीला जा. बोटीने तासभर जायला लागतो, तासभर यायला, म्हणजे दोन तासिकांमध्ये ते बसणारं नाहीच. सोमवारी लेणी बंद असतात. आणि मे महिना सरायच्या आत उरका. पाऊस लागला की समुद्र खवळतो आणि बोटींचा भरवसा राहत नाही. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो असं वेधशाळेचं पंचांग सांगतं. तो आल्यावर कमानींखालचा रस्ता तुला पुन्हा उपयोगी पडेल.

प्रश्न : ताई, मी संगमेश्वरचा. दादरला स्पोकन इंग्लिश आणि टॅलीचे क्लास लावलेत. दोन तासांमध्ये जेमतेम दीड तास मिळतो. एवढ्यात काय होणार? आणि दादरला बघण्यासारखं आहे तरी काय? गर्दीच गर्दी.

उत्तर : गर्दी बघण्यासारखी नाही असं कोणी सांगितलं तुला? बरं, दीड तासाचं गणित सांगते. स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालायच्या आत जे असेल तेवढंच. पश्चिमेला गेलास तर पुलाखालचा फुलबाजार. पण तो पहाटेचा. सकाळी आठला पोचशील तर झेंडूचे ढीग अजून शिल्लक असतील, दहाला नुसता चिखल. पूर्वेला गेलास तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ साली स्थापन झालेलं. कोकणातला आहेस, वाचनाची सवय असेलच. संदर्भ विभागाची चौकशी कर.

त्याच बाजूला हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ आहे, बाबासाहेब आंबेडकरांचं घर. ते बांधताना त्यांनी माणसांच्या आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला होता. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू, छायाचित्रं ठेवली आहेत. चपला काढून आत जा, मोठ्याने बोलू नकोस. त्या कॉलनीतले रस्ते झाडांचे आहेत, दादर स्टेशनवरून आलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही. तिथून पुढे पाच उद्यानं, एक तरी बाक सावलीत मिळतंच.

शिवाजी पार्क आणि चैत्यभूमी हे एका दमात. पार्कात मेमध्ये सकाळी नेट लागलेली असतात, गडी दहा वर्षांचा आणि किट त्याच्याहून जड. क्रिकेटची आवड असेल तर एकदा फोर्टात आझाद मैदानही बघून ये. १९८८ साली शालेय हॅरिस शील्डच्या सामन्यात तेंडुलकर-कांबळीने नाबाद ६६४ची भागी केली ती तिथे. एकाच मैदानात इतके सामने शेजारी शेजारी चालतात, की एकाचा फाइन लेग दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो.

आणि इंग्लिश बोलायची प्रॅक्टिस हवीय ना? म्युझियममध्ये परदेशी पाहुणे येतात, त्यांना रस्ता सांगायला शिक. क्लासपेक्षा लवकर जमेल.

प्रश्न : स. न. वि. वि. मी लातूरचा. माझा मुलगा कुलाब्याला एका वसतिगृहात राहून उन्हाळी कोर्स करतो आहे. आम्ही माळकरी. हा पहाटे साडेपाचला ससून डॉकचे फोटो पाठवतो, मासळीचे! फी आम्ही अभ्यासासाठी भरली आहे. क्लास ९ वाजता असतो म्हणतो. त्याला कसं समजवावं?

उत्तर : दादा, रागावू नका, पण मुलगा साडेपाचला उठतो ही तक्रार मला आजवर कोणा बापाने केली नव्हती. क्लास ९ला, डॉकचा लिलाव उजाडताना. म्हणजे तो क्लास बुडवत नाही, झोप बुडवतो. ससून डॉक १८७५चा आहे. तिथे कोळणी टोपल्या मांडून लिलाव करतात, बर्फ फोडतात, उधारीचे आकडे तोंडपाठ ठेवतात. वाणिज्य शिकणाऱ्या पोराने ते एकदा बघायला हरकत नाही. बघणं म्हणजे खाणं नव्हे, तुमच्या माळेला त्याने धक्का लागत नाही. फक्त त्याला सांगा की लोकांच्या तोंडापुढे मोबाइल धरू नकोस, आणि घसरण असते, चपला घालून जाऊ नकोस, बूट घाल.

बाकी तुमची काळजी सरकारनेच मिटवली आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते. जून उजाडला की डॉकवर होड्या नांगरून पडलेल्या असतील आणि पोरगा सातपर्यंत झोपत असेल. तेव्हा पुन्हा तक्रारीचं पत्र येणार, हे मी धरून चालले आहे.